पटावरची तुळसा

दिपोटीसाहेब जांबोटीच्या बंगल्यात उतरल्याचा निरोप आला तेव्हा माझ्यासमोर एकोणीस मुलं बसली होती. रजिस्टरात त्या दिवशी चौतीस हजर होती.

निरोप्या दारातूनच म्हणाला, "उद्या धा वाजता येत्यात म्हणं." मी बरं म्हटलं. पाढे चालले होते ते चालू ठेवले. 

ही गोष्ट दुसऱ्या महायुद्धाच्या बरीच आधीची. मी तेव्हा तिशीत होतो. जांबोटीच्या पुढं, कणकुंबीच्या वाटेवरून आत शिरलं की एक गाव लागतं, तिथल्या लोकल बोर्डाच्या शाळेवर मी एकटाच मास्तर. बिगरीपासून चौथीपर्यंत सगळे वर्ग एकाच खोलीत. गावाचं नाव लिहीत नाही आणि माणसांची नावंही बदलली आहेत. ती माणसं अजून तिथंच आहेत, आणि चूक त्यांची नव्हती.

शाळाखात्याची भाषा ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. शाळेत ज्या मुलांची नावं दाखल आहेत ती सगळी मिळून 'पट'. त्यातली रोज किती येतात ती 'हजेरी'. महिन्याच्या हजेरीची काढायची ती 'सरासरी'. खेड्यातल्या एकशिक्षकी शाळेचा जीव या सरासरीत असतो. ती बोर्डानं ठरवलेल्या आकड्याच्या खाली गेली, की आधी विचारणा येते, मग ताकीद येते, मग शाळा बंद आणि मास्तरची बदली.

आमच्या गावात सरासरी मृगाबरोबर घसरायची. भाताची शेतं उघडी, कुंपण नाही. पेरणीपासून कापणीपर्यंत गुरं राखावीच लागतात. घरातली मोठी माणसं चिखलात, म्हणून गुरामागं पोर जायचं. पावसासाठी डोक्यावर पानांचं इरलं, हातात काठी. आषाढात मुलं गेली की कापणीनंतर निम्मी परत यायची. निम्मी यायचीच नाहीत. मधले चार महिने बुडाले की पुढचं कळत नाही, आणि कळत नाही तिथं बसायची पोरांना लाज वाटते.

पहिल्या वर्षी मी खोटी हजेरी मांडली ती एका तापलेल्या मुलाची. दोन दिवसांत येईलच, म्हणून. मग दुसऱ्याची. तिसऱ्या वर्षी पंधरा मुलं रोज कागदावर येत होती. शाळा टिकली तर उरलेल्यांचं तरी भलं होईल, असं मी स्वतःला सांगायचो. ते खोटंही नव्हतं. पण आणखी एक गोष्ट खरी होती, ती आत्ता सांगतो. कागदावर हजर असलेल्या मुलाच्या घरी जावं लागत नाही. जो आलाच आहे तो का येत नाही, हे कुणाला विचारणार? तीन वर्षं मी त्या पंधरा घरांचा उंबरा चढलो नव्हतो.

निरोप आल्यावर मी तडक पाटलांकडं गेलो. पाटील आप्पांना शाळेचा अभिमान होता. आसपासच्या चार गावांत शाळा नव्हती, त्यांच्या गावात होती. मी घुटमळत सगळं सांगितलं. त्यांना त्यात काही फार वाटलं नाही.

"पोरं बसवू की मास्तर. कुणाच्या तोंडावर नाव लिवलंय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळा भरली. कोण कुणाचा भाचा, कोण शेजारच्या वाडीतला, कोण दसऱ्याला आलेल्या पाहुण्याचा. प्रत्येकाला एकेक नाव पाठ करायला दिलं. तिसरीतल्या तुळसाचं नाव पाटलांच्या भाचीला दिलं, काशीला. ही खानापूरच्या शाळेत शिकायची. सणाला मामाकडं आली होती.

दिपोटी म्हणजे शाळा तपासणारे डेप्युटी इन्स्पेक्टर. खेड्यात त्यांच्या हुद्द्याचं हे असं झालं होतं. साहेब आले, नावं घेतली, चौतीस वेळा 'हजर' ऐकलं. मग तिसरीला वाचायला लावलं. काशी उभी राहिली आणि घडाघडा वाचून गेली. हिशेब घातला, तो तोंडी केला. साहेब खूश झाले.

"मास्तर, ही मुलगी तिसरीत काय करते?"

"जी?"

"हिला आजपासून चौथीत बसवा. मी लिहून देतो."

त्यांनी शेरेबुक मागवलं. तपासणी झाली की अधिकारी आपलं मत त्यात लिहून ठेवतात, आणि ते ओलांडायची कुणाची टाप नसते. त्यांनी तुळसाचं नाव, बापाचं नाव, स्पष्ट अक्षरात लिहिलं. अशी मुलगी या रानात तयार केल्याबद्दल मास्तरची तारीफही लिहिली. गावात चार दिवस हसू चाललं होतं. गुरामागं राहून पोरगी पास झाली, तर साळंला जायाचं कशाला, असं लोक म्हणायचे. मीही हसलो.

पाचव्या दिवशी खिडकीत इरलं दिसलं. तुळसा होती. मागं तिची गुरं उभी. दहा वर्षांची पोर, पायाला जळवा लागून रक्ताचे ओघळ आलेले, तिकडं तिचं लक्षही नव्हतं.

"गुरुजी, मी चौथीत गेले म्हणत्यात. व्हय?"

मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. काहीतरी व्हय-न्हाय केलं असेल. तिनं थोडा वेळ आत पाहिलं.

"मला पावकी येतीया," ती म्हणाली. "निमकी न्हाय आली अजून. ती झाली का हितं?"

निमकी, म्हणजे अर्ध्याचा पाढा, होऊन वर्ष झालं होतं. गुरं पुढं सरकली तशी ती गेली. त्या पंधरा नावांतलं एक नाव पहिल्यांदा माझ्याशी बोललं होतं.

त्या संध्याकाळी मी तिच्या घरी गेलो. बाप रामू आप्पा, आई गंगाक्का. आदर केला, गूळपाणी दिलं. पोरीला शाळेत धाडा म्हणालो. रामू आप्पा चिडले नाहीत. सरळ विचारलं, "धाडतो की. मग गुरं कोण राखणार मास्तर? तुमी?"

गंगाक्का म्हणाली, "आमचं काय न धाडायचं न्हाय हो. पर दोन म्हशी, एक बैलजोडी, वर खोंड. शेजाऱ्याच्या भातात त्वांड घातलं तर तो पुन्ना आमचं त्वांड बघंना."

परत येताना रामू आप्पांचा प्रश्न डोक्यातून जाईना. म्हणून त्या रविवारी मी खरंच गुरामागं गेलो. मास्तर काठी घेऊन चाललाय हे बघून बायका पदर तोंडाला लावत होत्या. वर माळावर गेलो, आणि जे दिसलं ते तीन वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. एकाच उतारावर अकरा पोरं होती. कुणाची दोन गुरं, कुणाची तीन, कुणाची पाच. सगळी मिळून एका कळपाएवढी. ज्याला दोन मोठी माणसं पुरली असती, तिथं अकरा शाळा बुडत होत्या.

कापणी तोंडावर होती, म्हणून त्या साली काही करता आलं नाही. कापणीनंतर तुळसाला धाडा म्हणालो तर रामू आप्पा म्हणाले, आता कशाला, पाऊस लागला की परत जायाचंच हाय. बरोबरच होतं ते. मी थांबलो. पुढच्या ज्येष्ठात, पेरणीआधी, पाटलांना सांगून सोमवारी गाव बोलावलं. सोमवारी आमच्याकडं बैल जुंपत नाहीत, माणसं मोकळी असतात. गावदेवी सातेरीच्या देवळात सगळे जमले.

मी म्हटलं, गावची गुरं एकत्र करा आणि पाळीपाळीनं राखा. घरटी एक मोठं माणूस, आणि पोरं शाळेत.

लगेच फाटे फुटले. माझी पाच, त्याची एक, मग पाळी सारखी कशी? बैल एकमेकांला मारतील त्याचं काय? बाळू अण्णा म्हणाले, त्यांची म्हैस त्यांच्याशिवाय दुसऱ्याला शिंगावर घेते.

मागनं कुणीतरी म्हणालं, "मग रोज अण्णाच जाऊंद्यात. म्हस बी खूश, वैनी बी खूश."

हशा झाला, आणि हशातच बैठक मोडणार असं वाटलं. खरी अडचण कुणी बोलत नव्हतं. पाळी लावली तर ती पाळणार कोण? आज एकाचं दुखलं, उद्या दुसऱ्याला बाजार, आणि तिसऱ्या दिवशी परत पोरं माळावर. हे मलाही सुटत नव्हतं.

ते सोडवलं शेवंताक्कांनी. म्हाताऱ्या, एकट्या, त्यांच्या घरात शाळेत जाणारं कुणी नाही. सातेरीपुढं रोज दिवा लावायची गावात घरवार पाळी होती. बावीस घरं, बावीस दिवस. घरात सुतक आलं तर भावकीतलं कुणीतरी लावायचं, पण दिवा चुकत नसे. शेवंताक्का खांबाला टेकून बसल्या होत्या, तिथनंच म्हणाल्या, "दिव्याचा खाडा कुणी केलाय का आजवर? मग ज्याचा दिवा, त्याचीच गुरं. नवी पाळी आणि कशाला पायजे?"

 गुरांची पाळी कुणीही मोडली असती. दिव्याची मोडायला धजणारा माणूस गावात नव्हता.

बारकावे मग तिथंच ठरले. एका दिवशी दोन घरं: आज ज्याचा दिवा तो, आणि उद्या ज्याचा दिवा तो. म्हणजे प्रत्येकाला सलग दोन दिवस. पहिल्या दिवशी गुरांची ओळख करून घ्यायची, दुसऱ्या दिवशी पुढच्याला करून द्यायची. बाळू अण्णांची म्हैसही त्यातच. मी एक कलम वाढवलं. जे पोर तीन दिवस शाळेत दिसणार नाही त्याचं नाव मी दिव्याच्या घरी सांगणार, आणि त्या घरच्या माणसानं देवळातून परतताना त्याच्याकडं डोकवायचं. काय झालं विचारायचं, एवढंच. मास्तर विचारायला गेला की लोकांना सरकार आल्यासारखं वाटतं. शेजारी विचारतो ते वेगळं.

आषाढ लागला आणि मुलं गेली नाहीत. माळावरच्या अकरांतली नऊ जणं महिन्याभरात शाळेत आली. एका घरी आई बाळंत होती, पोरगी घर सांभाळत होती. दिव्याच्या पाळीच्या बाया आळीपाळीनं तिथं भाकरी टाकून येऊ लागल्या. हे मी ठरवलेलं नव्हतं. एकाला चौथ्या दिवशी ताप निघाला, बाळू अण्णा त्याला पाठुंगळी घेऊन जांबोटीच्या वैदूकडं गेले. मी श्रावणापासून हजेरी खरी लिहायला लागलो. लिहिता येत होती. सरासरी खरोखरच वर गेली होती.

एक नाव सोडून.

तुळसा पहिल्याच दिवशी आली होती. रामू आप्पा स्वतः दोन दिवस गुरं राखायला गेले होते, आणि येऊन मला म्हणाले, "आता सांगा मास्तर, आमची गुरं राखली का न्हाय कुणी?" आपल्याच जुन्या प्रश्नाचं उत्तर मला दिल्यासारखं ते हसले. पोरगी आली ती तिसरीच्या मुलांत जाऊन बसली. मी तिला उठवून चौथीत बसवलं. शेरेबुकात लिहिलेलं होतं ना. तिला खाली बसवायचं तर का ते लिहावं लागलं असतं, आणि ते लिहायचं म्हणजे त्या दिवशीच्या चौतीस जणांचंच लिहावं लागलं असतं.

चौथीत त्रैराशिक चाललं होतं. तिला निमकी येत नव्हती. ती मान खाली घालून पाटीवर काहीतरी लिहायची, पुसायची. महिन्याभरानं शाळा सुटल्यावर थांबली.

"गुरुजी, मी तिसरीत बसू? मला मधलं काय येत न्हाय."

"साहेबांनी चढवलंय तुला," मी म्हटलं. "साहेबांनी चढवलेलं खाली आणता येत नाही."

तिनं मान हलवली. गुरुजी सांगतात ते खरं असतं अशी तिची समजूत होती. मी तिला शाळेनंतर शिकवायला लागलो. पण जे एका वर्षात शिकायचं ते घाईघाईनं तिच्या डोक्यात कोंबत होतो, आणि ती हुशार पोर रोज थोडी जास्त गप्प होत होती.

दसरा झाला आणि साहेबांचं पत्र आलं. तपासणीला येतो. हुशार मुलींची नावं बोर्डाकडं पाठवायची आहेत, गेल्या वर्षीच्या त्या मुलीला हजर ठेवावं.

काशी त्याही वर्षी सणाला आली होती.

पाटलांनी काही सुचवलं नाही, हे इथं लिहून ठेवतो. मीच त्यांच्या घरी गेलो आणि मीच मागितली. ते म्हणाले, "अवो, आता कशाला? आता पोरं हायत की साळंत." मी म्हटलं, एकदाच. तुळसाला आदल्या दिवशी मी सांगितलं, उद्या तू नको येऊस, उद्या खालच्या वर्गांचंच आहे. ती म्हणाली, बरं.

सकाळी साहेब खुर्चीत बसले. मी नावं वाचायला रजिस्टर उघडणार, तेवढ्यात दारात रामू आप्पा दिसले. डोक्याला धुतलेला रुमाल, आणि हाताला धरून तुळसा. नवं परकर-पोलकं, केसांना तेल. मी उठून बाहेर गेलो, दार अर्धं ओढून घेतलं.

रामू आप्पा हळूच म्हणाले, "साहेब हिचंच नाव काढत्यात म्हणं. ही येत न्हाय म्हणत हुती. मीच आणली."

"आज नको," मी म्हटलं.

"का हो मास्तर?"

"आज नको आप्पा. मी नंतर सांगतो."

आतून साहेब म्हणाले, "मास्तर, उशीर होतोय. मीच घेतो नावं." आणि ते वाचायला लागले. चौथी आधी. मी दाराबाहेर, रामू आप्पा माझ्यासमोर, तुळसा आमच्यामध्ये. आतून नाव आलं, तुळसा रामू, आणि आतूनच एका मुलीचा आवाज आला, हजर.

तुळसानं माझ्याकडं पाहिलं नाही. बापाकडं पाहिलं. रामू आप्पांना कळायला फार वेळ लागला नाही. मला वाटलं आता ते आत जातील, आणि खरं सांगतो, जावं असंही वाटलं. पण एवढ्या मोठ्या साहेबापुढं मास्तरला उघडं पाडावं, हे त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी डोक्याचा रुमाल काढला, खांद्यावर टाकला.

"चल बाय," म्हणाले.

मी आत गेलो. तपासणी उत्तम झाली. सरासरीबद्दल साहेबांनी मला शाबासकी दिली आणि दिव्याच्या पाळीची हकीकत लक्ष देऊन ऐकली. काशीचं नाव त्यांनी तुळसा म्हणून लिहून नेलं. बोर्डाकडून त्याचं पुढं काही आलं नाही. अशा याद्यांचं बहुधा काही होत नाही.

तुळसा त्यानंतर शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशी नियमाप्रमाणे मी दिव्याच्या घरी तिचं नाव सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. कुणी डोकवायला गेलं असतं तर काय झालं ते गावाला कळलं असतं. चौथ्या दिवशी मी स्वतः गेलो. गंगाक्कानं गूळपाणी दिलं. पोरगी आत होती, बाहेर आली नाही. रामू आप्पांनी माझं सगळं ऐकून घेतलं. तिसरीत बसवतो म्हणालो, शेरेबुक फाडून टाकतो म्हणालो. ते म्हणाले, "तिला सांगून बघितलं मास्तर. ती म्हणती, तितं माझ्या नावाची दुसरी हाय."

आणखी दोन वर्षं मी त्या गावात होतो. पाळी चालू राहिली. दर बाविसाव्या दिवशी रामू आप्पा दिवा लावायचे आणि सलग दोन दिवस गावाची गुरं राखायचे. खाडा केला नाही. दुसऱ्यांची पोरं त्यांच्या डोळ्यांसमोरून पाटी घेऊन शाळेत जायची. वाटेत भेटले की मला रामराम घालायचे. माझी बदली बेळगावला झाली ती चांगल्या कामाबद्दल.

गेल्या वर्षी टिळकवाडीत ते साहेब भेटले. आता पेन्शनीत आहेत, संध्याकाळी फिरायला निघतात. चहाला घरी नेलं. तिथं मी त्यांना सगळं सांगितलं. आजवर बायकोलाही सांगितलं नव्हतं. त्यांनी कप खाली ठेवला.

"पहिल्याच वर्षी ओळखलं होतं मी. त्या मुलीच्या पायांना चिखलाची सवय नव्हती. सगळीकडं तेच चालायचं. मी तरी काय, शाळा बंद करायला येत होतो का? चांगला शेरा असला की शाळा टिकते, म्हणून लिहिला."

"मग दुसऱ्या वर्षी?"

"दुसऱ्या वर्षी वाटलं, तुम्ही खऱ्या मुलीला तयार केलं असेल. तोंड कुठलं लक्षात राहतं? मास्तर, तुम्ही एक शब्द बोलला असतात तर मी शेरा खोडला असता. एक ओळ होती ती."

मी घरी चालत आलो. त्यानंतर हे लिहायला बसलो.

तुळसाचं लग्न कणकुंबीकडं झालं असं ऐकलं. मुलं आहेत म्हणतात. शाळेत जातात की नाही, ते विचारायचा माझा अधिकार नाही.

आता माझ्या हाताखाली नवे मास्तर येतात. खेड्यावर जाताना विचारतात, मुलं टिकवायची कशी. त्यांना मी दिव्याच्या पाळीचं सांगतो, कारण ते खरंच उपयोगी पडलं. गुरं, बाळंतपण, आजारपण, जे काही पोराला घरी धरून ठेवतं ते गावाला कळलं तर गाव वाट काढतं. मी दिलेल्या वाटेपेक्षा बरी काढतं. पण ते दुसरं. पहिलं मी त्यांना हे सांगतो, की मूल आलं नसेल तर रजिस्टरात गैरहजर लिहा. साहेब येवोत, शाळा जावो. गैरहजर लिहिलं तरच कुणीतरी त्या घरी जातं.